खाडा कुणाचा?

वरवंडला हायवेच्या कडेला माझी सात सीटची गाडी उभी असते. लग्न, देवदर्शन, विमानतळ, कोकण, म्हणाल तिथं सोडतो. गिऱ्हाईक सहलीचं असलं की गाडीत बसल्यावर पहिला प्रश्न एसीचा येतो आणि दुसरा ठरलेला असतो. "दादा, रिसॉर्टवाला जेवणासकट पॅकेज सांगतोय. पैसे आधीच भरायचे म्हणतो. घ्यावं का नुसती खोली घ्यावी?" ड्रायव्हरला सगळं ठाऊक असतं असा लोकांचा समज आहे, आणि तो मोडावा असं मला कधी वाटलं नाही. मी जरा वेळ घेतो आणि आरशातून मागं बघतो. मागच्या सीटवर एखादी बाई डब्यांची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलेली दिसली की सांगून टाकतो, "घ्या पॅकेज. डोळे झाकून घ्या." त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढं मात्र वेगळीच बाई उभी असते. उभीच. तिला बसून जेवताना मी फार उशिरा पाहिलं.

कंपनीत कंत्राटावर होतो तेव्हा मी कारेगावात राहायचो. एका खोलीत आम्ही चौघं, शिफ्टप्रमाणं झोपणार आणि शिफ्टप्रमाणं उठणार. गादी कधी गार म्हणून पडायची नाही. जेवायला मावशीची मेस होती. मावशी मूळची मांडवगण फराट्याची. नवरा लवकर गेला, पदरात एक पोरगी, म्हणून ती कारखान्यांच्या सावलीला आली आणि पत्र्याच्या एका लांबलचक खोलीत तिनं चूल मांडली. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो. तिच्याहून वयानं मोठा असलेला वॉचमनसुद्धा मावशीच म्हणायचा.

मेसचा धंदा ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पैसे महिन्याच्या सुरुवातीला भरायचे आणि दोन्ही वेळ येऊन जेवायचं. ज्या वेळी तुम्ही आला नाहीत तो तुमचा खाडा. आता कुठल्याही मेसवाल्याला विचारा, खाडा म्हणजे त्याची दिवाळी. पैसे हातात, पीठ डब्यात, आणि गिऱ्हाईक बाहेर कुठंतरी वडापाव खातंय. आमच्या मावशीचा मात्र खाड्यानं जीव जायचा. एक माणूस आला नाही की तिला आपल्याच घरातलं कुणीतरी रुसून गेल्यासारखं वाटायचं.

भिंतीला एक लोखंडी मांडणी होती. जेवणाआधी तिच्यात आमची ताटं पालथी घातलेली असत. प्रत्येक ताटावर भांड्याच्या दुकानातल्या मशीननं नाव कोरून घेतलेलं, पण ते माणसाचं नसायचं, गावाचं असायचं. लातूर, वाशीम, छपरा, मांडवगण. माझ्या ताटावर वरवंड. मी एकदा विचारलं, "मावशी, गावाचं नाव का? आम्हाला काय नावं नाहीत का?" तर म्हणाली, "मानसं सोडून जात्यात रं. गाव परत येतंय. तू गेलास का तुझ्या गावचा दुसरा कुनीतरी येतोच. नवं ताट कुठं घ्यायचं परत्येक वेळी?" त्यामुळं त्या मेसमध्ये कुणालाच नाव नव्हतं. "ए वरवंड, आमटी घे की." "लातूर, मान वर करून जेव, ताटात काय सोनं पडलंय का?" आणि मांडणीवर पालथी पडलेली ती सगळी गावं.

जेवलेल्या माणसानं ताट धुऊन उभं ठेवायचं असा नियम होता. दुपारची वेळ उलटली की मावशी मांडणीपुढं यायची, पालथं ताट हुडकायची आणि दारात जाऊन अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायची, "खाडा कुणाचाऽऽ?" खरं तर कुणाचा ते तिनं ताटावर वाचलेलंच असायचं. पण ओरडल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. गल्लीतली पोरंटोरं उत्तर द्यायची, "वाशीमचाऽऽ!" मग ती पदर खोचून निघायची. पदर खोचून म्हटलं खरं, पण तो सुटलेला असा कुणी पाहिलाच नव्हता. उठल्यापासून झोपेपर्यंत तो कमरेला आवळून खोचलेला. खोलीवर जाऊन दार थाडथाड वाजवायची. "ऊठ. दोन घास खा, मग मर." शिफ्ट करून आलेला माणूस शिव्या घालत उठायचा, आणि एकदा ताटावर बसला की शिव्या विसरायचा.

एकदा मला ओव्हरटाइम लागला आणि मी सांगायला विसरलो. ही बया थेट कंपनीच्या गेटवर. सिक्युरिटीवाला आत सोडेना, तर त्याच्याकडं निरोप ठेवून आली, "वरवंडला सांगा, ताट पालथं हाय." निरोप गेटवरून ऑफिसात, ऑफिसातून शॉपफ्लोअरवर असा फिरत माझ्यापर्यंत आला. साहेबानं मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून विचारलं, "हे ताट पालथं म्हणजे काय? युनियनची काही भानगड आहे का?"

रमजानात तिचा हिशोब बदलायचा. दौंडचा एक मुसलमान वेल्डर आमच्यात होता. त्याचं ताट महिनाभर दुपारी पालथं असायचं, पण त्याच्या नावानं ती कधी ओरडली नाही. संध्याकाळी तो आला आणि त्यानं ताट उचललं की खाली खजूर झाकून ठेवलेला असायचा. "हा खाडा न्हाई," ती आम्हाला बजावायची. "ह्यो उपास हाय. तुमच्यावानी आळस न्हाई."

आधी पैसे भरलेल्या जेवणाविषयी तिचं एक ठाम मत होतं. "असं जेवान दोनच परकारची मानसं जेवत्यात. येक भुकेलं, आन् दुसरं वसूल कराय आल्यालं. भुकेल्याला वाढताना हात आपसूक फुडं जातो. वसूलवाल्याला वाढताना डाव मागं येतो. तरी वाढायचंच." रविवारच्या फीस्टला तिच्याच माहेरचा मांडवगणचा पोरगा इतका जेवला की त्याला जागचं उठवेना. मावशीनं त्याला ओवा चावायला दिला, हाताला धरून अंगणात फेऱ्या मारायला लावल्या, आणि वर ऐकवलं, "माझ्या माहेरचं नाव घालवलंस, मुडद्या. आता रात्री काय खाशील?" म्हणजे रात्रीही तो जेवायला येणार हे तिनं धरलेलंच होतं.

ती स्वतः कधी जेवायची? दाराच्या चौकटीला टेकून, उभ्यानं. हातावर भाकरी, भाकरीवर भाजी, आणि डोळे आमच्या ताटांवर. घास तोंडात आणि हात भातवाढीवर. मांडणीवर तिचं ताट नव्हतंच. तिच्या पोरीचं होतं, त्यावर कारेगाव असं कोरलेलं. ती पोरगी पिठाच्या पोत्यावर बसून अभ्यास करायची. आईची वाट बघायची. मग पेंगायला लागली की स्वतःच ताट घ्यायची, आमच्या पंगतीच्या टोकाला, आईच्या पाठीमागं बसून जेवायची आणि ताट धुऊन उभं करायची. तिचा खाडा कधी पडला नाही.

पुढं कंपनीनं मला ब्रेक दिला, म्हणजे कंत्राट संपवलं. मी वरवंडला आलो आणि गाडी घेतली. पोरगी शिकली, तिचं दौंडच्या रेल्वेतल्या मुलाशी लग्न झालं. आता ती दौंडला शाळेत शिकवते, स्वच्छ बोलते, आणि मी तिला ताई म्हणतो. मेस मात्र आहे तिथंच आहे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी ताईचा फोन आला. "दादा, गाडी पाहिजे. आईला घेऊन समुद्रावर जायचंय. हे, मी, आमची पोरगी आणि आई. दोन दिवस राहायचं. पण आई पॅकेजवर अडलीय. तुम्ही जरा समजवा तिला."

मला रांजणगावचं भाडं होतंच. येताना कारेगावला वळलो. मावशी भाकऱ्या थापत होती. मी विषय काढला आणि ती जी सुटली!

"मला पॅकेज शिकवतीस व्हय, म्हनलं तिला. मी जन्मभर दुसरं काय केलं? आधी पैशे घेऊन जेवान घालनं म्हंजीच पॅकेज. आता बघ, हाटेलवाला वाढनार येक ते तीन. तवा नात पान्यात खेळत आसली तर? खाडा. फिराय गेलो, रस्त्यात भजी खाल्ली, पोट भरलं. खाडा. जावयाला मासा चालत न्हाई, नात वरनभाताबिगर कशाला तोंड लावीना. सगळे खाडेच की! पैशे त्याचे झाले, भाजी त्याची वाचली. त्यापरीस चुलीवाली खोली घ्या. मी हाय ना. गरम गरम घालते समद्यांना."

ऐकता ऐकता माझी मान हलायला लागली. तिचं एकही वाक्य खोटं नव्हतं. कुटुंबाला घेऊन निघालेल्या कुणालाही मी हेच सांगितलं असतं. लहान पोर असेल, दिवसभर भटकायचं असेल, घरात खाण्याची शंभर सोंगं असतील, तर बांधलेलं जेवण घेऊ नका. मी दौंडला गेलो आणि ताईला म्हणालो, "मावशीचं बरोबर आहे ताई. किचनवाली खोली बघा."

ताई वह्या तपासत होती. पेन खाली ठेवून म्हणाली, "दादा, तिला किचन दिलं की ती त्यातच जाणार. समोर समुद्र असू दे, नाहीतर आणखी काही. मला तिची पाठच दिसणार. लहानपणापासून मी आईची पाठ बघत जेवलेय. एकदा तिचं तोंड बघत जेवायचंय मला. तिनं समोर बसायचं, ताट घ्यायचं, मध्ये उठायचं नाही. तेवढ्यासाठी चाललोय आपण. जेवण वाया गेलं तर जाऊ दे."

मी म्हटलं, "मग असं सांगा की तिला."

"सांगून बसली तर काय उपयोग? मग ती माझ्यावर उपकार करायला बसेल. नका सांगू."

आता मी कुठल्या ताटातला, सांगा. परत कारेगाव गाठलं. समजावून मावशी ऐकणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून तिला दुसरा गळ टाकला. "मावशी, पॅकेज घ्या न घ्या, पण तिथला आचारी परराज्यातला आहे म्हणतात. एकटा अख्ख्या रिसॉर्टचा स्वयंपाक काढतो. कसा काढत असेल?"

मावशीची भाकरी तव्यावर जरा जास्तच वेळ राहिली. "येकटा?"

"एकटा."

"बघून तर येऊ," ती म्हणाली.

मेस बंद ठेवायची ही पहिलीच वेळ. शेजारच्या गल्लीत एका मामांची मेस होती, आणि त्यांच्याशी मावशीचं हाडवैर होतं, कारण ते खाड्यावर खूश असायचे. मावशी त्यांच्या दारात गेली आणि आपली सगळी गावं त्यांच्या पदरी घातली. "लातूरला तिखट सोसत न्हाई. छपऱ्याला भात आधी वाढा, चपाती मागनं. वाशीम लाजतंय, त्याला इचारू नका, वाढाच. आन् मामा, कुनी आलं न्हाई तर दार वाजवा, बरं का." मामांनी कोपरापासून हात जोडले.

पहाटे दौंडहून ताईचं कुटुंब घेतलं आणि कारेगावात मावशीला. तिचं सामान डिकीत ठेवताना एक गाठोडं फारच जड लागलं. सोडून बघतो तर गोधडीच्या आत छोटी शेगडी, पोळपाट आणि बाजरीचं पीठ. मावशी माझ्याकडं बघून डोळे वटारत होती. मी गोधडी पुन्हा नीट गुंडाळली.

रिसॉर्टवर उतरल्या उतरल्या ताईनं पहिलं काम केलं. आईच्या कमरेचा खोचलेला पदर ओढून काढला आणि खांद्यावरून मोकळा सोडला. "सुट्टीवर आलीयेस. असा राहू दे." मावशी दिवसभर त्या पदराला परक्याचं लेकरू सांभाळावं तशी सांभाळत होती.

पहिल्या रात्रीचं जेवण म्हणजे गंमतच. बुफे. मावशीनं हातात ताट घेतलं, रांगेत उभी राहिली, आणि टेबलाच्या टोकाला पोचेपर्यंत कशी कोण जाणे टेबलाच्या पलीकडं गेली. वाढायलाच लागली. "घ्या की वो, संकोच करू नका. येवढ्याशानं काय होतंय?" एका साहेबांनी तिला ऐटीत सांगितलं, "बाई, पापड संपलेत, बघा जरा." मावशी लगबगीनं आत गेली आणि पापड घेऊन आली. ताईचा चेहरा लालबुंद झाला. ती आईच्या रिकाम्या खुर्चीपुढं बसून जेवली. जावई बिचारे गरीब माणूस, वरणाचं कौतुक करत राहिले.

खरा घोळ दुसऱ्या दिवशी दुपारी झाला. ड्रायव्हरचं जेवण मागच्या पडवीत, कामगारांबरोबर, सगळ्यांचं आटपल्यावर. म्हणून मी तिथंच दारात टेकून होतो आणि सगळं मला दिसत होतं. जावई आणि नात लवकर जेवून झोपायला गेले होते. ताई खिडकीजवळचं टेबल धरून बसली होती, समोर समुद्र, पुढ्यात दोन रिकामी ताटं. आई आली की दोघींनी मिळून वाढून घ्यायचं, असं तिनं ठरवलं होतं.

मावशी आली. पण बसायच्या आधी तिनं हॉलभर नजर फिरवली. निम्मी टेबलं रिकामी. आचारी ओडिशाकडचा, उंच, शांत माणूस, भांड्यांशेजारी हात बांधून उभा होता. मावशीनं तिच्या मेसमधल्या हिंदीत त्याला विचारलं, "बाकी लोग किधर हय? पैशा तो समदा लोग दिया ना?"

"सोए होंगे, मौसी. घूमने गए होंगे. सब थोड़े ही आते हैं."

झालं. मावशीच्या अंगात कारेगाव शिरलं. ताई "आई, अगं आई" म्हणेपर्यंत ती बाहेर पडलीसुद्धा, आणि थोड्याच वेळात खोल्यांच्या रांगेतून ओळखीचा आवाज आला. थाड थाड थाड. "उठा, जेवून घ्या. पैशे भरल्यात ना? काउंटर बंद व्हाया लागलंय!" एका खोलीत नवं लग्न झालेलं जोडपं होतं. नवरा घाबरून टॉवेलवरच दार उघडायला आला. "जेवला न्हाईत आजून? बायकूला उपाशी ठेवतोस? चल, बाहीर हो." पुण्याचं एक अख्खं कुटुंब झोपेतून उठून आलं. कुणी चिडलेलं, कुणी हसणारं, पण आलं सगळं. तिला नाही म्हणणं कुणाला जमतं?

हॉल गच्च भरला. मावशी दारात उभी राहून खुशीत एकेक डोकं बघत होती. इकडं आचाऱ्याच्या कपाळाला घाम. तो भांडी खरवडत होता, पुन्हा पुन्हा आत जाऊन येत होता. शेवटच्या माणसाला वाढून झालं, त्यानं झाकण ठेवलं आणि मावशीपुढं येऊन उभा राहिला. "मौसी, आपने सबको बुला लिया. हम तो हिसाब से कम बनाते हैं. अब कुछ बचा नहीं."

खाड्यावर हॉटेल चालतं हे मला ऐकवणाऱ्या बाईनं त्या दिवशी हॉटेलचा एकही खाडा शिल्लक ठेवला नव्हता. तिचाच हिशोब तिच्यावर उलटला होता. मला हसू आलं. पण ताईकडं नजर गेली आणि मी ते आवरलं.

ताई दोन रिकामी ताटं हातात घेऊन आली. आवाज चढला नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "झालं सगळ्यांचं?"

"तू जेवली न्हाईस?" मावशी दचकली.

"तुझी वाट बघत होते."

"आगं, पर तू वाढून घ्यायचं की. मी आपली..."

"लहानपणी घेतच होते वाढून. पोत्यावर बसून वाट बघायची, पेंगायचं, आणि मग वाढून घ्यायचं." ताईनं ताटं घट्ट धरली. "आई, गल्लीभर ओरडायचीस, खाडा कुणाचा म्हणून. वाशीमचा, लातूरचा. माझ्याबरोबर तू एकदाही जेवली नाहीस. तो खाडा कुणाचा गं?"

मावशीनं नुसता हात पुढं केला आणि पोरीच्या हातातली ताटं घ्यायला बघितलं. ताईनं ती सोडली नाहीत. दोघी ताटांच्या दोन कडा धरून तशाच उभ्या राहिल्या.

शेवटी आचारी मध्ये आला. "मौसी, दीदी, पीछे आ जाओ. हमारा खाना है. हमारे साथ बैठो."

मागच्या पडवीत कामगारांची पंगत बसली होती. फरशीवर, मांडी घालून. भात, पातळ डाळ, मोहरीच्या कच्च्या तेलातलं बटाट्याचं भरीत. मी कडेला बसलो, माझ्या समोर मावशी, आणि तिच्या शेजारी तिरकी, तिच्याकडं तोंड करून ताई. आचारी वाढायला लागला. माझ्या पानावर भात पडला, मावशीच्या पानावर पडला, आणि पुढच्याच क्षणी मावशीनं जमिनीला हात टेकला. "तुम बैठो रं. तुम खाया क्या? मैं वाढती." ती अर्धवट उठली आणि तशीच थांबली. काहीतरी तिला मागून ओढत होतं.

ताई तिच्या पदरावर बसली होती. मोकळ्या सोडलेल्या पदराचं टोक तिनं आपल्या मांडीखाली घट्ट दाबून धरलं होतं.

"सोड की गं."

"न्हाई सोडत." लग्नानंतर ताईच्या तोंडून असा न्हाई मी ऐकला नव्हता. तो कारेगावच्या पोरीचा होता.

"आगं, त्यो आचारी उपाशी हाय."

"आसू दे."

"लोकं बघत्यात."

"बघू दे."

आचाऱ्याला भाषा कळली नसेल, पण मामला कळला. त्यानं भाताचं पातेलं मध्ये ठेवलं, स्वतःचं ताट घेतलं आणि समोर मांडी घातली. "लो मौसी. मैं भी बैठ गया. अब तो खाओ."

आता मावशीकडं एकही सबब उरली नव्हती. ती बसली. भात कालवला, घास घेतला, सवयीनं डोळे आमच्या ताटांवर फिरवले आणि मग, बहुतेक दुसरीकडं बघायला काहीच उरलं नाही म्हणून, पोरीकडं बघितलं. बघतच राहिली. ताई डाळभात कालवत होती.

"तुला करंगळी वर धरायची सवय हाय व्हय गं, भात कालवताना?" मावशी हळूच म्हणाली.

ताई थांबली. "पहिल्यापासून आहे."

"तुझ्या बापाला बी हुती." मग, कुणाला उद्देशून ते मला कळलं नाही, "मला कुठं दिसलीच न्हाई."

ताईच्या डोळ्यांतलं पाणी टपकन ताटात पडलं. मीही मान खाली घातली. माझ्या ताटातलं भरीत भलतंच झणझणीत होतं, असं मी पुढं सगळ्यांना सांगत आलो आहे. त्या दुपारी मावशी पोटभर जेवली, बसून जेवली, आणि पदर सुटेपर्यंत जागची हलली नाही. निघताना तिनं गाठोड्यातलं सगळं बाजरीचं पीठ आचाऱ्याला देऊन टाकलं. भाकरी कशी थापायची हे हवेत हात नाचवून दाखवलं, आणि वर बजावलं, "सबका बनाव. समदा लोग आयेगा ऐसा समझ के बनाव."

परवा रांजणगावचं भाडं सोडून परत येताना कारेगावला वळलो. दुपार उलटली होती. मांडणीवरची सगळी गावं धुऊन उभी होती. मावशीनं मला वाढलं, आमटी पुन्हा वाढली, नको म्हटल्यावर पुन्हा वाढली. आणि मग एक गोष्ट झाली. तिनं कोपऱ्यातलं एक ताट घेतलं, स्वतःला वाढून घेतलं, कमरेचा पदर सोडला, माझ्यासमोर मांडी घातली आणि पदराचं टोक ओढून आपल्याच मांडीखाली दाबून बसली.

मी म्हटलं, "मावशी, हे काय?"

"पोरगी काय रोज येती व्हय दौंडावरनं, पदरावर बसाय?" भाकरी मोडत ती म्हणाली. "म्हनून मीच बसते. नाय तर उठाय होतंय."

बाहेर गल्लीत कुणीतरी हाक मारली. मावशीची मान वर झाली, मांडी जरा हलली, पदर ताणला गेला. ती पुन्हा खाली टेकली.

"मावशी, तो बटाट्याच्या भरताचा आचारी..." मी काहीतरी सांगायला गेलो.

"आता बोलू नगंस, वरवंड," ती म्हणाली. "मला जेवू दे."